बेळगावहून समुद्रावर चाललाय? पाण्यात शिरायच्या आधी एवढं वाचून जावा

मे महिना असूदे, दिवाळीची सुट्टी असूदे नाहीतर नुसता जोडून आलेला शनिवार-रविवार, आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागातली निम्मी पोरं समुद्रावर असतात. चोर्ला उतरला की गोवा, आंबोली उतरली की शिरोडा, वेंगुर्ला, मालवण, आणि अणशीकडनं नाहीतर यल्लापूरकडनं खाली गेलं की कारवार, गोकर्ण, मुर्डेश्वर. रात्री व्हॉट्सअपवर ठरतंय, पहाटे चारला क्रूझर गाडी निघते आणि नाष्ट्याच्या टायमाला पोरं कमरेएवढ्या पाण्यात असतात, कुठल्या बीचवर आलोय ते सुद्धा निम्म्यांना माहीत नसतंय.

१५ एप्रिल २०१७ ला मालवणच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या सहलीतले आठ जण बुडाले. एप्रिल महिना, पाऊस नाही, वादळ नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मुर्डेश्वरला शाळेच्या सहलीतल्या चार मुली गेल्या, तो तर थंडीचा महिना. म्हणजे "पावसाळा संपला की समुद्र शांत, आता कसलं भ्या" ही समजूत आधी डोक्यातनं काढून टाका. पावसाळ्यात तर जाऊच नका हे वेगळं सांगायला नको, पण बाकीच्या आठ महिन्यातपण कुठं, कधी आणि कसं उतरायचं याला काहीतरी हिशेब असतोय, तो हिशेब गाडीत बसायच्या आधी मांडायचा असतोय, वाळूवर उतरल्यावर नाही. एकदा पोरं शर्ट काढून पळत सुटली की कुणी कुणाचं ऐकत नाही.

विहिरीतलं पोहणं आणि समुद्रातलं पोहणं

आमच्यातले बरेच जण पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेले, पुढं मलप्रभेत नाहीतर मार्कंडेयात डुंबलेले, काही जण हिडकल धरणाच्या कडेला हात मारून आलेले. पोहायला येतंय यात काही खोटं नाही. पण विहिरीत पाणी जाग्यावर असतंय, चार हात मारले की काठ, दगड धरला की दम खायला मिळतोय. समुद्रात पाणी स्वतःच चालत असतंय, धरायला काठ नाही, तोंडावर लाट फुटते तेव्हा नेमका श्वास घ्यायचा असतोय आणि नाकातोंडात खारं पाणी जातंय. माझं तर मत आहे की अजिबात पोहायला न येणारा घाबरून गुडघाभर पाण्यात थांबतोय, जास्त धोका "मला येतंय रे" म्हणणाऱ्याला असतोय. तोच सगळ्यात पुढं जातोय आणि बाकीचे त्याच्या मागनं.

तिथं पाणी नेमकं ओढतंय कसं हे एकदा समजून घेतलं की निम्मं काम झालं. लाटा सारख्या किनाऱ्याकडं पाणी ढकलत असतात. ते पाणी परत कुठनं तरी जायला पाहिजे ना? किनाऱ्यापासनं थोडं आत वाळूचे बांध तयार झालेले असतात, त्या बांधात कुठंतरी खाच पडलेली असते, आणि साचलेलं सगळं पाणी त्या खाचेतनं आत पळतंय. विसर्जनाच्या रात्री कपिलेश्वर तलावाकडच्या गल्लीत गर्दीत सापडलाय कधी? आपण चालत नसतोय, गर्दीच आपल्याला नेत असते, तसंच हे. याला रिप करंट म्हणतात. रुंदीला दहा-वीस मीटरच असतोय बऱ्याच वेळा, पण वेग सेकंदाला अर्धा-एक मीटर सहज असतोय आणि जोरात असला तर दोन मीटरपर्यंत. चांगला पोहणारासुद्धा सेकंदाला मीटरभर जेमतेम जातोय, ते पण थोडाच वेळ. म्हणजे सरळ किनाऱ्याकडं तोंड करून हात मारत बसलं तर माणूस जाग्यावरच राहतोय, दमतोय आणि बुडतोय. ओढ माणसाला खाली घेऊन जात नाही, फक्त आत घेऊन जाते. बुडवतो तो दम.

आणि बेकार गोष्ट अशी की ही जागा दिसायला सगळ्यात बरी दिसते. आजूबाजूला पांढऱ्या लाटा फुटत असतात आणि मधेच एक पट्टा शांत, लाट न फुटणारा, थोडा काळपट. बायका-पोरं घेऊन आलेला माणूस म्हणतोय हितं लाटा नाहीत, हितं उतरूया. तिथं लाटा फुटत नाहीत कारण तिथं पाणी खोल आहे आणि ते आत चाललंय.

निघायच्या आधी ठरवायच्या गोष्टी

पहिला महिना. जून ते सप्टेंबर समुद्र बघायला जावा, मासे खायला जावा, पाण्यात नको. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय जुनी मंडळी होडी घालत नाहीत. जे लोक जन्मभर त्या पाण्यावर जगतात, ते गाबीत आणि खारवी होड्या वर ओढून झाकून ठेवतात त्या टायमाला, आणि आमची पोरं ऑफ सीझनला रूम स्वस्त मिळाली म्हणून जुलैमध्ये गोव्याच्या बागा बीचवर लाटांत उड्या मारायला जातात. मेच्या शेवटाला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पण जरा जपूनच. हैदराबादच्या इन्कॉइसकडनं, म्हणजे समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेकडनं, उंच लाटांचे इशारे निघतात, हवामान खात्याचे पण असतात, लांब कुठंतरी समुद्रात वादळ असलं की हिकडं आभाळ निरभ्र असूनपण लाटा मोठ्या येतात. निघायच्या आदल्या रात्री ते बघायला पाच मिनिटं लागत नाहीत.

दुसरी वेळ, आणि हिच्यावर जरा जास्त बोलतो कारण हिचा विचार कुणीच करत नाही. गोव्यात महत्त्वाच्या बीचवर दृष्टी मरीन या कंपनीचे लाईफगार्ड असतात, २००८ पासनं आहेत, साधारण सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा. आता बघा, पहाटे बेळगाव सोडलेली गाडी सात-सव्वासातला तिथं पोचते, रात्रभर झोप नाही, आणि पोरं थेट पाण्यात, लाईफगार्ड यायच्या आधी. नाहीतर दुसरा प्रकार, दुपारी जेवण, थोडी बिअर, मग "सनसेट बघून निघूया" म्हणून पाच-साडेपाचला परत पाण्यात, आणि ते चाललेत तोवर टॉवरवरचा माणूस खाली उतरतोय. म्हणून पोचल्यावर आधी नाष्टा करा, रूम घेतली असेल तर तासभर पडा, आठ-साडेआठनंतर पाण्यात जावा आणि संध्याकाळी पाचला बाहेर या. सिंधुदुर्गात आणि कारवारकडं तर लाईफगार्ड सगळ्या किनाऱ्यांवर नसतातच, काही ठराविक ठिकाणीच असतात, तेव्हा तिथं अजून जपून.

तिसरी भरती-ओहोटी. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, साधारण सहा-सव्वासहा तासांनी बदल, आणि रोज पाऊण-एक तास पुढं सरकत जातंय. मोबाईलवर भरतीचे तक्ते मिळतात, पण घाट उतरल्यावर नेट गेलं तर किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांचा हिशेब लक्षात ठेवा, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, जे येईल ती भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या आसपास. हा मुंबईकडनं गोव्यापर्यंत चालणारा मोघम हिशेब आहे, तासभर मागंपुढं धरा. तिथी घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतेच.

याचा उपयोग काय म्हणाल तर पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतंय, पाणी जास्त चढतंय आणि जास्त उतरतंय. त्या दिवशी अकरा-बाराला भरती पूर्ण होते आणि तिथनं पाच-साडेपाचपर्यंत पाणी उतरत असतंय, म्हणजे जेवून-खाऊन पब्लिक पाण्यात शिरायची जी वेळ तीच बरोबर ओहोटीची. ओहोटी लागली की बांधाच्या खाचेतली ओढ वाढते आणि नदीच्या तोंडाला तर विचारूच नका. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तिला जोर कमी. सहलीची तारीख आपल्या हातात असली तर मी तरी अमावस्या-पौर्णिमेचा वीकेंड सोडतो. बायको म्हणते अमावस्येला प्रवास नको, माझं कारण वेगळं आहे पण निकाल एकच लागतोय, घरात भांडण नाही.

किनाऱ्यावर उतरल्यावर पहिली दहा मिनिटं

कपडे बदलू नका. उंचवट्यावर उभं राहा, एखाद्या शॅकच्या पायरीवर नाहीतर वाळूच्या टेकाडावर, आणि दहा मिनिटं नुसतं पाणी बघा. लाटा कुठं फुटत्यात, कुठं फुटत नाहीत. फेस, शेवाळ, काटक्या कुठल्या दिशेनं चालल्यात. सगळीकडचा फेस किनाऱ्याला येतोय आणि एका पट्ट्यातला आत चाललाय, तर तो पट्टा बाद. पाण्याचा रंग एका ठिकाणी गढूळ, वाळू मिसळलेला दिसतोय आणि तो डाग समुद्राकडं लांबत गेलाय, तर ती जागा पण बाद. खडकाच्या कुशीत, जेटीच्या बाजूला, ओढा किंवा नदी मिळते तिथं असले पट्टे बरेचदा कायमचे असतात. बाकीचे मात्र जागा बदलतात, गेल्या वर्षी हितंच पोहलो होतो याला काही अर्थ नाही.

लाटा पण एकसारख्या येत नाहीत. बराच वेळ बारक्या बारक्या, मग एकदम चार-पाच मोठ्या एकामागं एक, परत शांत. दहा मिनिटं बघायला सांगतोय ते यासाठीच, दोन मिनिटं बघितलं तर नेमका बारक्यांचा टाईम सापडतोय आणि माणूस फसतोय.

झेंडे बघा. लाल आणि पिवळा असा दोन रंगांचा झेंडा, दोन झेंड्यांच्या मधली जागा पोहायची. नुसता लाल म्हणजे नको. लाल झेंडा लावलेला असतोय आणि त्याच्याच बुडाला उभं राहून फोटो काढणारे आपले लोक असतात, काय बोलायचं. कारवार-गोकर्णकडं बोर्ड कन्नडमध्ये असतात, ग्रुपमध्ये कन्नड वाचणारा एक तरी असतोयच, त्याला मोठ्यानं वाचायला लावा. शिट्टी वाजली तर ती आपल्यालाच आहे असं धरून बाहेर या, लाईफगार्डाशी हुज्जत घालू नका.

आणि झेंडा-बिंडा काही नसलेला रिकामा किनारा असला, असले आमच्या लोकांना जास्त आवडतात, शांत, प्रायव्हेट, तर जाळं विणत बसलेला एखादा म्हातारा शोधा. "मामा, हितं उतरलं तर चालतंय काय?" एवढंच विचारा. मालवणकडचा असेल तर सांगेल, "हंयसर नको, पाणी वढता, थंय शेड दिसता मां, थंय जावा." हे एक वाक्य तुमच्या मोबाईलमधल्या सगळ्या ॲपपेक्षा भारी आहे. तो नको म्हणाला की नको, मग "आम्ही जास्त आत जात नाही" असलं काही त्याला समजावत बसू नका.

पाण्यात असताना

मोठ्यांनी कमरेच्या वर पाणी येऊ द्यायचं नाही, पोहायला येणाऱ्यांनीपण. पायाखालची वाळू टाचेखालनं निसटायला लागली, उभं राहिल्यावर घोटे वाळूत रुतायला लागले आणि लाट परत जाताना गुडघे मागनं ओढल्यासारखे झाले तर दोन पावलं मागं या, गप्पा नंतर. मी तर अशा वेळी बाहेरच येतो आणि पन्नास-शंभर पावलं बाजूला जाऊन परत बघतो. समुद्राकडं पाठ करून उभं राहायचं नाही, हा नियम बायकांच्या ग्रुप फोटोला सगळ्यात जास्त मोडतोय. साडी, जीन्स, चुडीदार भिजले की किती जड होतात ते धुणं पिळणाऱ्याला विचारा. बायकांना मजा करू नका असं म्हणत नाही, पण घोट्याच्या वर पाण्यात जायचं असेल तर ट्रॅक पँट-टीशर्ट घालून जावा, दोन कपडे जास्त घ्या, लोक काय म्हणतील ते राहूदे.

पोरांना हाताच्या अंतरावर ठेवायचं, नजरेच्या नाही. मोबाईल बघत "इथंच आहेत" म्हणणारे बाप लई बघितलेत. दहा पोरांवर चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतंय दुसरा बघतोय, म्हणून नावं वाटून घ्या, सुरेशची पोरं अर्धा तास रमेशकडं, मग बदला, आणि ज्याची पाळी आहे त्याच्या हातात फोन नाही, ग्लास तर नाहीच.

हवा भरायच्या रबरी ट्यूबा आणि बदकं वाळूवर खेळायला ठीक, समुद्रात अजिबात नको. शाळेत मतलई वारे शिकलो होतो ना, रात्री आणि पहाटे जमिनीकडनं समुद्राकडं वाहणारे? सकाळी आठ-नऊपर्यंत ते चालू असतात, आणि ट्यूबमध्ये बसलेलं पोरगं शांत पाण्यावरनं हळूच आत सरकत जातंय, आई-बापाला वाटतंय छान तरंगतंय. हाताबाहेर गेल्यावर कळतंय. पोराला घालायचंच असेल तर मापाचं, बकल असलेलं लाईफ जॅकेट घाला, ऑनलाईन मिळतंय, भाड्यानं पण मिळतंय.

दारूबद्दल एकच, प्यायलेला माणूस पाण्यात नाही. गोव्यात बीचवर पिणं कायद्यानं बंद आहे आणि दंड आहे हा भाग वेगळा, इथं दंडाचा विषय नाही. ग्रुपमध्ये एक-दोन न पिणारे असतात त्यांनी जरा वाईटपणा घ्या.

खडक, नदीचं तोंड आणि बोटी

वागातोर-हणजुणाचे खडक, गोकर्णला ओम बीच ते हाफ मून, पॅराडाईज असं चालत जातात ती वाट, निवतीचे कडे, फोटोला हे सगळं भारी. नियम साधा आहे, खडक जिथपर्यंत ओला आणि काळा दिसतोय तिथपर्यंत लाट येते, आत्ता येत नसली तरी. कोरड्या, पांढरट खडकावर थांबा. हिरवं शेवाळ दिसलं तर चप्पल-बूट काही कामाचं नाही. आणि लाटेनं कुणाला खडकावरनं पाण्यात ओढलं तर त्याला परत त्याच खडकावर चढायला सांगू नका, पुढची लाट त्याला तिथंच आपटते, त्याला खडकापासनं लांब आत तरंगायला सांगा आणि बोट बोलवा.

नदी जिथं समुद्राला मिळते तिथं तर पोहायचंच नाही. केरीला तेरेखोल, मिरामारला मांडवी, देवबागला कर्ली, कारवारला काळी, गोकर्णच्या अलीकडं गंगावळी आणि पलीकडं अघनाशिनी, होन्नावरला शरावती. दिसायला उथळ, मधे वाळूचं बेट वर आलेलं, लोक चालत जातात. ओहोटीला नदीचं पाणी आणि समुद्राचं पाणी दोन्ही मिळून बाहेर पळत असतात, आणि भरती लागली की ज्या वाटेनं गेला ती वाटच राहत नाही. देवबागच्या संगमावर बोटीनं जावा, बोटवाला परत चला म्हणाला की लगेच चला.

बोटीवरनं आठवलं. २०१९ च्या जानेवारीत कारवारजवळ कूर्मगडच्या जत्रेहून परतणारी बोट उलटून बरेच जण गेले, २०२२ च्या मेमध्ये तारकर्लीला स्कूबाची बोट उलटून दोन पर्यटक गेले. बोटीत चढायच्या आधी लाईफ जॅकेट अंगात, हातात नाही, सीटखाली नाही, आणि सगळी बकलं लावलेली. खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत आलं तर सैल आहे. बोटीत मावतात त्यापेक्षा माणसं जास्त भरली तर उतरा, दोनशे-तीनशे रुपये गेले तर जाऊदेत. बनाना बोटवाले मुद्दाम पाण्यात पाडतात, पोहायला येत नसेल तर आधीच सांगा की पाडायचं नाही. सिंधुदुर्गात मे अखेरपासनं ऑगस्ट अखेरपर्यंत हे सगळं बंद असतंय, त्या काळात कुणी "चला गुपचूप नेतो" म्हणाला तर त्याच्या बोटीत बसू नका.

ओढीत सापडलात तर

किनारा लांब चाललाय असं दिसलं की पहिली गोष्ट, पोहायचं थांबा. हे सगळ्यात अवघड आहे कारण जीव सांगतोय हात मार. पाठीवर पडा, कान पाण्यात, छाती वर, तोंड वर, श्वास मोठा. खाऱ्या पाण्यात विहिरीपेक्षा माणूस जास्त तरंगतोय, त्याचा फायदा घ्या. एक हात वर करून हलवा आणि ओरडा. ओढ लाटा फुटतात त्याच्या पलीकडं गेली की सैल पडते, काही वेळा वळून परत किनाऱ्याकडंपण आणते. अंगात दम असेल तर किनाऱ्याला समांतर, डावीकडं नाहीतर उजवीकडं, जिकडं पांढऱ्या लाटा फुटत्यात तिकडं सरका, आणि तिथनं लाटेबरोबर तिरकं बाहेर या. एका बाजूला जमत नसेल तर दुसऱ्या बाजूला बघा. दम नसेल तर नुसतं तरंगत राहा, कुणीतरी येईपर्यंत.

दुसरं कुणी सापडलं असेल तर

बुडणारा माणूस ओरडत नाही, हे आधी लक्षात घ्या. तोंड पाण्याच्या लेव्हलला, डोकं मागं पडलेलं, केस डोळ्यावर, हात बाजूला पाणी दाबत असतात, पाय हलत नाहीत. लांबनं बघणाऱ्याला वाटतंय उभा आहे. हाक मारा, "काय रे, बरा आहेस काय?" उत्तर आलं नाही तर अर्ध्या-एक मिनिटाचाच खेळ असतोय.

आणि उडी मारायची नाही. हे लिहायला सोपं, पाळायला अवघड, स्वतःचा भाऊ बुडत असताना कोण थांबणार. पण एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशीच एका घरातली तीन-तीन माणसं जातात. घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्याच्या गळ्यालाच मिठी मारतोय. तर करायचं काय? आमच्या गाड्यांत चुलीपासनं मसाल्यापर्यंत सगळं असतंय, त्यातलंच वापरायचं. गोड्या तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या, त्यात अर्धा तांब्या पाणी घाला, नाहीतर तो वाऱ्यावर उडून भलतीकडं पडतोय, झाकण घट्ट लावा, हँडलला क्रूझरच्या कॅरियरवरची सामान बांधायची दोरी बांधा. हा कॅन बुडणाऱ्याच्या जरा पुढं फेकायचा आणि त्याला छातीशी धरायला ओरडून सांगायचं. डोकं वर ठेवायला तो पुरतोय. जेवणाच्या आधीच असे दोन कॅन तयार करून वाळूवर ठेवा, ऐन वेळेला झाकण सापडत नसतंय. दोरी नसेल तर नुसता कॅन, फुटबॉल, थर्माकोलचा माशांचा डबा, जे तरंगतंय ते फेका. साडी, ओढणी जवळच्या माणसाला उपयोगी, पण स्वतः वाळूवर पालथं पडून फेका, उभं राहून ओढू नका.

एकानं फक्त बोट दाखवत उभं राहायचं, बुडणारा कुठं आहे तिकडं, नजर न हलवता, कारण लाटेत डोकं एकदा दिसेनासं झालं की परत सापडत नाही. दुसरा लाईफगार्डाकडं नाहीतर जवळच्या होडीवाल्याकडं पळतोय. तिसरा फोन: ११२ तिन्ही राज्यांत चालतोय, ॲम्ब्युलन्सला १०८, सागरी पोलीस १०९३, तटरक्षक दल १५५४. बीचचं नाव आणि जवळचं देऊळ नाहीतर हॉटेल सांगा, "गोव्यात आहे" म्हणून कुणाला कळत नाही.

बाहेर काढल्यावर

पालथं घालून पोट दाबणं, पाय धरून गरागरा फिरवणं, हे सगळं बंद. त्यानं पोटातलं पाणी आणि जेवण वर येऊन श्वासनळीत जातंय आणि वेळ जातोय. पाठीवर झोपवा, हाक मारा, छाती हलते का दहा सेकंद बघा. श्वास नसेल तर डोकं मागं, हनुवटी वर, नाक दाबून तोंडानं आधी पाच श्वास द्या, छाती वर आली पाहिजे. बुडालेल्या माणसात हवा संपलेली असते, म्हणून श्वास आधी. मग छातीच्या मधोमध दोन्ही हात, पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल इतकं जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या वेगानं तीस वेळा दाबा, मग दोन श्वास, परत तीस. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही, दोघं असाल तर दर दोन मिनिटांनी आलटून पालटून. बारक्या पोराला एका हातानं. मधे ओकारी आली तर कुशीवर वळवून तोंड साफ करा, परत चालू. श्वास चालू असेल पण शुद्ध नसेल तर कुशीवर झोपवा, अंग पुसा, कोरडी चादर घाला, पाणी-चहा काही पाजू नका.

जेलीफिश चावली, म्हणजे निळ्या दोऱ्या अंगाला चिकटल्या, तर समुद्राच्याच पाण्यानं धुवा, चोळू नका, एटीएम कार्डाच्या कडेनं दोऱ्या काढा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवा. पाकट माशाचा काटा लागला तरी गरम पाणीच. श्वास घ्यायला त्रास, तोंड सुजणं असलं काही दिसलं तर थेट दवाखाना.

आता सगळ्यात जास्त चुकतंय ते. पोरगं बुडता बुडता वाचलं, खोकलं, उलटी केली, दहा मिनिटांनी हसायला लागलं, आणि सगळे म्हणतात चला, देवानं वाचवलं, निघूया घरी. नाकातोंडात पाणी गेलेला माणूस वरनं ठीक दिसत असला तरी पुढच्या सहा-आठ तासांत फुप्फुसाचा त्रास वाढू शकतोय, खोकला थांबत नाही, श्वास भरभर चालतोय, झोपाळल्यासारखं होतंय. आणि त्या टायमाला तुम्ही चोर्ल्यात असणार, दोन्ही बाजूला जंगल, फोनला रेंज नाही, दवाखाना ना खाली ना वर. म्हणून घाट चढायच्या आधी खालीच दाखवा. गोव्यात असाल तर बांबोळी नाहीतर म्हापसा-मडगावचं सरकारी हॉस्पिटल, सिंधुदुर्गात ओरोस, कारवारला सरकारी मेडिकल कॉलेज. बीचवर काय झालं, किती वेळ पाण्याखाली होता, उलटी झाली काय, हे डॉक्टरला स्पष्ट सांगा, घरच्यांना कळेल म्हणून लपवू नका. ते म्हणाले रात्रभर ठेवा, तर ठेवा, क्रूझरवाल्याला एक दिवसाचं भाडं जास्त द्या, बाकीच्यांना बसनं पाठवा.